हत्ती आणि कोशाचे पाखरू

(इयत्ता चौथी – परिसर अभ्यास)



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी आमच्या गुरुजींनी एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका प्राण्याचे नाव होते. निघालेल्या प्राण्याची तुलना आपल्या घरच्या किंवा आपल्या ओळखीच्या दुसऱ्या एका जिवाशी करायची, असे गुरुजींनी सांगितले. कोणाला वाघ निघाला, कोणाला मुंगूस. माझ्या चिठ्ठीत हत्ती निघाला. मला आधी हत्ती नको होता. का नको होता ते पुढे सांगते. पण गुरुजी म्हणाले, "चिठ्ठी बदलता येत नाही." म्हणून मी हत्तीची तुलना आमच्या कोशाच्या पाखराशी केली आहे.

आमचे गाव आरमोरी तालुक्यात आहे. आम्ही ढिवर लोक. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बाबा जंगलात कोसा पिकवतात, बाकीच्या दिवसांत बोडीत आणि नदीत मासे धरतात. कोसा म्हणजे टसर रेशीम. ते ज्या किड्यापासून होते त्याचे पाखरू आमच्या घरात लहानपणापासून पाहत आली. पुस्तकात त्याला टसर पतंग म्हणतात. घरी आम्ही पाखरूच म्हणतो.

हत्ती कसा असतो

हत्ती हा जमिनीवर राहणारा सर्वांत मोठा प्राणी आहे. त्याच्या आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या अशा मुख्य जाती आहेत. आपल्या भारतात आशियाई हत्ती असतो. त्याचे कान आफ्रिकेच्या हत्तीपेक्षा लहान असतात. त्याच्या सोंडेच्या टोकाला एकच बोट असते, आफ्रिकेच्या हत्तीला दोन असतात. मोठे सुळे फक्त नराला येतात, तेही सगळ्या नरांना नाही. ज्या नराला सुळे नसतात त्याला मखना म्हणतात.

मोठा नर सुमारे ९ फूट उंच असतो, म्हणजे आमच्या वर्गाच्या दारापेक्षाही उंच. तो दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. गवत, बांबू, पाला, साल, फळे असे सगळे खातो. पाणी शंभर लिटरच्या वर पितो. झोपतो मात्र थोडा, तीनचार तासच. बाकी वेळ खाण्यात आणि फिरण्यात जातो. हत्तीण सुमारे बावीस महिने पोटात पिलू वागवते. पिलू जन्मते तेव्हाच त्याचे वजन १०० किलोच्या जवळ असते. कळपाची पुढारी एक म्हातारी हत्तीण असते. पाणी कुठे आहे, वाट कुठली आहे हे तिच्या लक्षात राहते. हत्ती साठसत्तर वर्षे जगतो.

हत्तीच्या दाढा सहा वेळा येतात. जुनी झिजली की मागून नवी पुढे सरकते. शेवटची दाढ झिजली की म्हाताऱ्या हत्तीला चावता येत नाही. माझ्या आजीला पण चावता येत नाही, पण आजीला आम्ही भात मऊ करून देतो. जंगलातल्या हत्तीला कोण देणार?

आपल्या जिल्ह्यात अहेरी तालुक्यात कमलापूरला सरकारी हत्तीकॅम्प आहे. पूर्वी तिथले हत्ती जंगलातली मोठी लाकडे ओढत होते. आमची सहल तिथे गेली होती. हिवाळ्यात तिथल्या हत्तींना काही दिवस सुट्टी असते आणि जडीबुटीच्या गरम काढ्याने त्यांचे पाय शेकतात. त्याला चोपिंग म्हणतात. एवढ्या मोठ्या जनावराचे पण पाय दुखतात हे ऐकून मला नवल वाटले.

कोशाचे पाखरू कसे असते

पाखरू चार वेळा रूप बदलते. अंडे, किडा, कोसा आणि पाखरू.

एक मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अंड्यातून किडे निघतात. बाबा अंडी पानाच्या द्रोणात ठेवून येनाच्या झाडाला बांधतात. येन म्हणजे पुस्तकातला ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी फाटलेली असते. अर्जुनाच्या झाडावर पण किडे होतात. किडा रात्रंदिवस पाने खातो. खाऊन खाऊन अंगाची कातडी तंग झाली की ती टाकतो आणि नव्या कातडीत परत खातो. असे चार वेळा करतो. मोठा किडा हिरवागार दिसतो. त्याच्या बाजूला चांदीसारखे ठिपके चमकतात. पानात बसला तर बाबांना दिसतो, मला दिसत नाही.

महिना-सव्वा महिना झाला की किडा खाणे सोडतो आणि तोंडातून धागा काढून स्वतःभोवती घर बांधतो. त्या घराला आधी एक देठ करतो आणि देठाची अंगठी काडीला घालतो, म्हणजे कोसा वाऱ्याने पडत नाही. एका कोशात सातशे मीटरपासून एक किलोमीटरपर्यंत धागा असतो. मी शाळेतून घरी जाऊन परत आली तरी एका कोशाचा धागा संपणार नाही.

आतला किडा आता कोशात झोपतो. बियाण्याचे कोसे माय माळ करून घरात टांगून ठेवते. सगळा उन्हाळा ते तसेच लटकलेले राहतात. पाऊस आला की संध्याकाळी किंवा रात्री पाखरू कोसा ओला करून, मऊ करून बाहेर निघते. आधी त्याचे पंख चुरगळलेल्या कागदासारखे असतात. थोड्या वेळाने ते पसरतात. पंख पसरले की माझ्या एका वितीएवढे रुंद होते. मादी मोठी आणि पिवळसर, नर लहान आणि तांबूस. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो. त्या डोळ्याच्या मध्ये काचेसारखी खिडकी असते, तिच्यातून पलीकडचे दिसते. ते खरे डोळे नसतात.

आता सर्वांत नवलाची गोष्ट ऐका. या पाखराला खाता येत नाही. त्याचे तोंड कामाचेच नसते. किडा असताना जे खाल्ले तेवढ्यावर ते आठवडाभर जगते. जोडी करते, अंडी घालते आणि मरते.

वजनाचे गणित

गुरुजी म्हणाले, नुसते मोठा-लहान लिहू नको, किती पट ते काढ. म्हणून मी गणित केले.

मोठा नर हत्ती ४००० किलो धरला. आपल्या इकडे धानाचा कट्टा ४० किलोचा असतो. ४००० ला ४० ने भागले तर १०० येतात. म्हणजे एक हत्ती बरोबर शंभर कट्टे धान.

पूर्ण वाढलेला कोशाचा किडा साधारण ४० ग्रॅमचा असतो. एका किलोत २५ किडे बसतात. ४००० गुणिले २५ म्हणजे १,००,०००. एका हत्तीच्या वजनाला एक लाख किडे लागतात. हत्ती जिंकला.

पण पुढचे गणित पाहा. अंड्यातून निघालेला किडा ८ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. असे १२५ किडे मिळून एक ग्रॅम होतो. ४० गुणिले १२५ म्हणजे ५०००. किडा महिना-सव्वा महिन्यात पाच हजार पट वाढतो. हत्तीचे पिलू १०० किलोचे ४००० किलो व्हायला पंधरावीस वर्षे लागतात, आणि ते फक्त ४० पट वाढते. पिलू जर किड्यासारखे वाढले असते तर त्याचे वजन ५ लाख किलो झाले असते. म्हणजे १२,५०० कट्टे! इथे किडा जिंकला. वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोघांमधला फरक

१) हत्ती सस्तन प्राणी आहे, त्याला हाडे आहेत. पाखरू कीटक आहे, त्याला हाडे नाहीत.

२) हत्तीला चार पाय. पाखराला सहा पाय आणि चार पंख.

३) हत्तीण चार-पाच वर्षांनी एकच पिलू देते आणि त्याला सांभाळते. कळपातल्या मावश्या पण सांभाळतात. पाखरू शेदोनशे अंडी घालते आणि मरून जाते. त्याच्या पिलांनी आई पाहिलेलीच नसते. त्यांना आमचे बाबा सांभाळतात.

४) मोठ्या हत्तीला जंगलात बहुतेक कोणी मारत नाही. किड्याला मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरे, सरडे सगळे खातात. रोगही येतात. दोनशे अंड्यांतून चाळीस-पन्नास कोसे हाती आले तरी बाबा खूश असतात.

५) हत्तीला त्याचे जंगल लागते, दहा गावे ओलांडूनही तो चालतो. किड्याला एक झाड पुरते. पाने संपली की बाबा किड्यांसकट फांदी कापून दुसऱ्या झाडावर ठेवतात.

दोघांमधले साम्य

मला वाटले होते की साम्य काहीच निघणार नाही. पण निघाले.

पहिले साम्य, दोघांनाही जंगल लागते. दुसरे, दोघेही माणसाच्या कामाला आले. हत्तीने लाकडे ओढली. कोशाच्या धाग्यापासून विदर्भातली करवतकाठी साडी होते. तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. पूर्वी बाया कोसे उकळून मांडीवर धागा काढत होत्या. माझी आजी पण काढायची.

तिसरे साम्य गुरुजींनी सांगितले, आणि ते खरे वाटणार नाही असे आहे. हत्ती आणि पतंग दोघेही वासाने बोलतात. पतंगाची मादी एका जागी बसते आणि हवेत वास सोडते. नराच्या डोक्यावर पिसासारख्या दोन मिशा असतात, त्यांनी तो वास ओळखून अंधारात बरोबर तिच्याकडे येतो. हत्तीणसुद्धा जोडीची वेळ आली की नराला वासाने कळवते. तिचा वास लघवीत असतो. (गुरुजी म्हणाले, हसू नका, हे विज्ञान आहे.) नर सोंडेचे टोक तिथे लावतो आणि मग सोंड तोंडात नेऊन टाळूला लावतो. तिथे वास तपासायची जागा असते.

१९९६ साली अमेरिकेत रासमुसेन नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधून काढले की आशियाई हत्तिणीचा हा वास आणि शंभरहून जास्त जातींच्या पतंगांच्या माद्यांचा वास एकाच पदार्थाचा आहे! आमच्या कोशाच्या पाखराचा वास त्यात नाही, त्याचा निराळा आहे. पण त्याच्या भाऊबंदांचा आहे. मी विचारले, "मग हत्ती चुकून पतंगाकडे जात नाही काय?" गुरुजी म्हणाले, "पतंगाचा वास इतका थोडासा असतो की हत्तीला तो कळतच नाही." सर्वांत मोठ्या जनावराला आणि चिमणीएवढ्या पाखराला एकच शब्द माहीत आहे, असे मला वाटले.

मला हत्ती का नको होता

आता माझी गोष्ट. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ वर्षे रानटी हत्ती नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून एक कळप आला, त्यात वीसेक हत्ती होते. पुढे ते कुरखेडा, वडसा, आरमोरीकडे फिरले. त्यांनी धान खाल्ले, घरे पाडली. माणसेही गेली.

मी तिसरीत होती तेव्हा कळप आमच्या जंगलाकडे आला. दिवाळीचे दिवस होते. येनाच्या झाडांवर आमचे किडे मोठे झाले होते. आठ-दहा दिवसांत कोसे बांधणार होते. बाबा तिथेच झोपडीत राहत होते, दिवसा गुलेर घेऊन पाखरे हाकलत होते. मग जंगलाचे गार्ड आले आणि म्हणाले, "हत्ती जवळ आहेत. कोणी जंगलात राहू नका." बाबा घरी आले. पाच दिवस कोणी गेले नाही. बाबा रात्री उठून दारात बसत. माय म्हणायची, "झोपा ना जी." बाबा बोलत नव्हते.

सहाव्या दिवशी हत्ती पुढे निघून गेल्याचे कळले तेव्हा मी बाबांसोबत गेली. झोपडी मोडली होती. आमची तीन झाडे आडवी पडली होती. उभ्या झाडांवर मुंग्यांची रांग लागली होती. पडलेल्या फांद्यांची पाने सुकली होती आणि काही किडे सुकल्या पानावर तसेच बसून होते. मी रडली. मी म्हटले, "हत्ती मेले पाहिजेत."

बाबा म्हणाले, "असं बोलू नये व माय. हत्तीले का मालूम का हे कोशाचं झाड हाय म्हणून? चाल, उचल."

मग आम्ही जिवंत किडे हळूच उचलले आणि चांगल्या झाडांवर ठेवले. मी एकटीने ६३ किडे उचलले. किडा हातावर चालतो तेव्हा गुदगुल्या होतात, पण त्या दिवशी हसू आले नाही. त्या ६३ किड्यांचे एक झाड मी माझे म्हणून ठेवले होते. त्यावर ४१ कोसे झाले. त्या वर्षी आमच्या घरी कोसा निम्माच आला. माझे नवे दप्तर राहिले आणि बाबांनी उसनवारी केली. पण बियाण्यासाठी मायने माझे कोसे निराळे ठेवले. या पावसाळ्यात त्यांतलीच पाखरे निघाली.

म्हणून मला चिठ्ठीत हत्ती नको होता. कमलापूरच्या सहलीत मी मागेच उभी होती. तिथे हत्तिणीने सोंडेने जमिनीवरचे एकेक पान उचलून खाल्ले, इतके अलगद की मला बाबांचे किडे उचलणे आठवले. मग मी थोडी पुढे गेली.

२०२३ साली चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे एक रानटी हत्ती विजेचा धक्का लागून मेला. ते घरी बोलणे निघाले तेव्हा आजी म्हणाली, "बाप्पा, एवढा मोठा जीव, अना एका तारेनं गेला." मी जे जंगलात बोलली होती ते मला आठवले. मी आजीला काही सांगितले नाही. इथे लिहून टाकले.

हत्ती जवळ आले तर काय करावे

गावकरी पाहुण्यांनी हे जरूर वाचावे.

१) गार्डला किंवा पोलीस पाटलाला लगेच कळवावे.

२) पाहायला जाऊ नये. फोटो काढायला तर मुळीच जाऊ नये.

३) दगड मारू नये. हत्तीला राग आला की तो माणसापेक्षा जोरात धावतो.

४) मोहफुले, धान आणि मीठ झोपायच्या खोलीत ठेवू नये. हत्तीला वास दुरून येतो, हे वर सांगितलेच आहे.

५) कुंपणात वीज सोडू नये. तिच्याने हत्ती मरतो, बैल मरतो आणि माणूस पण मरतो.

६) रात्री एकट्याने जंगलात राहू नये. कोसा पुन्हा होतो.

सहावा नियम बाबांनी सांगितला आहे. लिहिताना मी त्यांना विचारले, "बाबा, हत्ती मोठा की पाखरू?" बाबा जाळे शिवत होते. ते म्हणाले, "हत्तीले वाट पायजे, पाखराले झाड पायजे, अना आपल्याले दोन्ही पायजे. मोठा-लहान कायले मोजतेस?" पण गुरुजींनी मोजायला सांगितले होते म्हणून मी मोजले.

सांगा पाहू!

१) एका हत्तीच्या वजनाला किती किडे लागतात?

२) न खाता जगणारे पाखरू कोणते? ते कशावर जगते?

३) सुळे नसलेल्या नर हत्तीला काय म्हणतात?

४) एक हत्ती रोज १५० किलो चारा खातो. मग २० हत्तींच्या कळपाला एका दिवशी किती किलो लागेल? त्याचे किती कट्टे होतील?

उत्तरे पाटीवर लिहून मला दाखवा. मी लेखाखाली एक रिकामा कोसा दोऱ्याने टांगला आहे. त्याला पाखरू निघाल्याचे भोक आहे. हात लावून पाहा, पण दाबू नका आणि घरी नेऊ नका. तो माझ्या झाडाचा आहे.